पीक उभं आहे आणि तोडणारे घरात बसलेत: अमेरिकेतल्या धाडी आणि शेतमजूर

हिरवीमिरची:
इथल्या धाग्यांवर इमिग्रेशन म्हटलं की एचवनबी, ती एक लाख डॉलरची नवी फी, ग्रीन कार्डाची रांग, एवढंच चालतं. साहजिक आहे, आपल्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. पण ज्यांच्या हातून आपल्या सगळ्यांच्या ताटात भाजी येते त्यांचं काय चाललंय ते कुणी फारसं लिहीत नाही म्हणून हा धागा काढतेय.

मी कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत राहते, टुलेरी काउंटीत. फळांच्या पॅकिंग हाऊसमधे फूड सेफ्टीचं काम बघते. त्यासाठी बागांमधे जावं लागतं, तोडणीच्या टोळीला हात धुवायला पाणी आहे का, टॉयलेट किती लांब आहे, उन्हाळ्यात सावलीसाठी कनात लावलीय का, हे तपासायचं. त्यामुळे हे लोक रोजच्या बघण्यातले. बहुतेक मेक्सिकोचे, त्यातही दक्षिणेतल्या वाहाका राज्याकडचे बरेच, ज्यांची घरची भाषा स्पॅनिशसुद्धा नसते, मिश्तेक असते. वीस वीस वर्षं इथे आहेत, पोरं इथे जन्मली, इथल्या शाळेत जातात.

देशभरात पिकांवर काम करणाऱ्या मजुरांपैकी साधारण 40 टक्क्यांकडे कामाची कागदपत्रं नाहीत, हे सरकारच्याच लेबर डिपार्टमेंटच्या सर्व्हेत येतं. ही काय लपलेली गोष्ट नाही, सगळ्यांना माहीत आहे, बागायतदारांना, बँकांना, दोन्ही पक्षांना.

7 जानेवारी 2025 पासून आमच्याच व्हॅलीतल्या बेकर्सफिल्ड आणि आजूबाजूला बॉर्डर पॅट्रोलची मोहीम झाली, सीमेपासून साडेतीनशे-चारशे किलोमीटर आत येऊन. तेव्हा ट्रंपचा शपथविधीसुद्धा झाला नव्हता. मजूर सकाळी जिथे कॉफी घ्यायला थांबतात ते गॅस स्टेशन, हार्डवेअरच्या दुकानाबाहेरचं पार्किंग, शेताकडे जाणारे रस्ते, अशा ठिकाणी गाड्या अडवल्या. अटक झाली 78 जणांना. सांगितलं काय तर आम्ही गुन्हेगार शोधायला आलो होतो, आणि नंतर पत्रकारांनी त्यांचीच कागदपत्रं काढून दाखवलं की 78 पैकी 77 जणांची गुन्ह्याची कसलीही नोंद त्यांच्याकडे आधी नव्हती. एप्रिलमधे फेडरल कोर्टाने शेतमजुरांच्या युनियनच्या बाजूने तात्पुरती मनाई दिली आणि न्यायाधीशांनी सुनावणीत सरळ बजावलं की कातडी सावळी दिसली म्हणून कुणालाही थांबवून कागद मागता येणार नाहीत. हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने लक्षात ठेवायला हवं.

आता 78 हा आकडा ऐकून वाटेल यात काय एवढं. पण त्या आठवड्यात आमच्याकडे माल आणणाऱ्या टोळ्या निम्म्यावर आल्या. ज्यांना पकडलं त्यांच्यामुळे नाही, जे घाबरून घराबाहेर पडले नाहीत त्यांच्यामुळे. ऐन नेव्हल संत्र्याचा सीझन. ही संत्री ओढून काढता येत नाहीत, देठाशी साल फाटली की दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून शिडीवर चढून कात्रीने एकेक कापायचं, देठाचं बटण फळावर राहिलं पाहिजे. खांद्यावर कॅनव्हासची झोळी, भरली की पंचवीस-तीस किलो, ती घेऊन शिडी उतरायची आणि मोठ्या पेटाऱ्यात रिकामी करायची. एका पेटाऱ्यात चारेकशे किलो माल बसतो, आणि पैसे पेटाऱ्यामागे. हे काम कुणालाही जमतं असं म्हणणाऱ्याने एकदा अर्धा दिवस करून बघावं.

संत्र्याचं एक बरं असतं, ते झाडावर काही आठवडे तग धरतं. म्हणून जानेवारीत फार नुकसान दिसलं नाही आणि टीव्हीवरचे लोक म्हणाले बघा काही झालं नाही. पण हीच गोष्ट जूनमधे किनाऱ्याकडच्या ऑक्सनार्डला झाली, तिथे स्ट्रॉबेरी. स्ट्रॉबेरी थांबत नाही. दर तीनचार दिवसांनी तोडा झाला नाही की फळ मऊ पडतं, त्याला बुरशी येते, ती शेजारच्या फळांना लागते. चार दिवस टोळी आली नाही की तो तोडा गेला.

लिहिण्यासारखं बरंच आहे, बाकीच्यांचंही ऐकायचंय.

न्यूजर्सीवाला:
हिरवीमिरचीताई लेख मनापासून लिहिलाय पण मी सहमत नाही आणि स्पष्टच लिहितो. मी 2011 पासून ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे. प्रत्येक वेळी व्हिसा स्टॅम्पिंगला मुंबईला जाताना पोटात गोळा येतो. आईच्या आजारपणात जाता आलं नाही कारण परत यायला मिळेल का याची खात्री नव्हती. इतकं सगळं नियमात राहून करायचं आणि दुसरीकडे जे सरळ सीमा ओलांडून आले त्यांना सहानुभूती. त्यांच्याविरुद्ध माझा राग नाही, ते कष्टाळू आहेत हे मान्य, पण कायदा आहे तर तो सगळ्यांना सारखा हवा. त्यांनीही रांगेत उभं राहावं. आणि दुसरं, स्वस्त मजूर मिळतात म्हणून मालक पगार वाढवत नाहीत. हे लोक गेले तर पगार वाढतील आणि अमेरिकन लोक काम करतील. यात चूक काय आहे?

जुनीपाने:
न्यूजर्सीवाला, तुमची तगमग समजते, माझा भाऊ त्याच रांगेत आहे. पण त्यांनी रांगेत उभं राहावं म्हणता ती रांग आहे कुठे? तुमच्यामाझ्यासारख्या डिग्रीवाल्यांना लांब का होईना रांग आहे. कौशल्य नसलेल्या कामासाठी कायमचं ग्रीन कार्ड वर्षाला कायद्याने जास्तीत जास्त 10,000, तेही सगळ्या जगाला मिळून आणि सगळ्या धंद्यांना मिळून, त्यात हॉटेलं आली, मांस कापायचे कारखाने आले, म्हाताऱ्यांची काळजी घेणारे आले. शेतात काम करणारे वीसेक लाख लोक. गणित तुम्हीच करा.

थोडा इतिहास लिहितो कारण हे नवीन नाहीये. 1942 मधे युद्धामुळे माणसं कमी पडली तेव्हा अमेरिकेने स्वतः मेक्सिकोशी करार करून मजूर आणले, ब्रासेरो प्रोग्राम. तो 1964 पर्यंत चालला. बावीस वर्षं गावच्या गावं इकडे यायची सवय लावली आणि मग एका दिवसात दार बंद केलं. पिकं तीच, मालक तेच, मजूर तेच, फक्त कागद गेला.

मग 1986 मधे रेगनच्या काळात कायदा झाला, शेतमजुरांसाठी खास कलम होतं, दहा-अकरा लाख शेतमजूर त्यात कायदेशीर झाले. पण पुढच्या मजुरांसाठी नीट व्हिसा केलाच नाही त्यामुळे दहा वर्षांत पुन्हा तेच. 2019 आणि 2021 ला फार्म वर्कफोर्स मॉडर्नायझेशन अॅक्ट नावाचं बिल हाऊसमधे पास झालं, दोन्ही पक्षांची मतं पडली होती, सिनेटमधे दोन्ही वेळा अडकलं. म्हणजे चाळीस वर्षं एक धड कायदा करायचा नाही आणि मग त्यांनी कायदा मोडला म्हणून धाडी घालायच्या.

आता पगार वाढतील या मुद्द्याबद्दल. याचा प्रयोग होऊन गेलाय. ब्रासेरो बंद करताना हेच कारण दिलं होतं की अमेरिकन मजुरांचे पगार वाढतील. क्लेमेन्स, लुईस आणि पोस्टेल या तीन अर्थतज्ज्ञांनी जुनी सरकारी आकडेवारी काढून तपासलं, जिथे ब्रासेरो भरपूर होते आणि जिथे नव्हते अशा राज्यांत पगारात फरक पडलाच नाही. मालकांनी यंत्रं आणली किंवा पीकच बदललं. टोमॅटोचं उदाहरण तर भन्नाट आहे, कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात जॅक हॅना नावाच्या माणसाने मशीनला सोसेल असा जाड सालीचा, सगळा एकदम पिकणारा टोमॅटोच तयार केला आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तोडणीचं मशीन. केचपचा टोमॅटो आज सगळा मशीनने निघतो. पण सॅलडचा टोमॅटो अजून हाताने निघतो.

न्यूजर्सीवाला:
जुनीपाने, 10,000चा आकडा बघतो, धन्यवाद. पण 1964 ची गोष्ट आजला लावू नका, तेव्हाची अमेरिका वेगळी. आणि भाव वाढले वाढले म्हणून जो गवगवा चाललाय त्यात मजुरांचा वाटा किती? अंडी महागली ती बर्ड फ्लूमुळे. टोमॅटोवर जुलै 2025 पासून मेक्सिकोच्या मालाला 17 टक्के ड्युटी लागली. बीफ महाग कारण दुष्काळाने गुरंच कमी झालीत. सगळं धाडींच्या नावावर खपवू नका.

हिरवीमिरची:
न्यूजर्सीवाला दादा हा मुद्दा बरोबर आहे आणि मला तो लिहायचाच होता. दुकानातल्या भावात मजुरांचा हिस्सा फार छोटा असतो. आपण अन्नावर एक डॉलर देतो त्यातले शेतकऱ्याच्या हातात पंधरा-सोळा सेंट पडतात, बाकी वाहतूक, पॅकिंग, दुकान. त्या पंधरातले मजुराला किती जात असतील. डेव्हिसचे फिलिप मार्टिन म्हणून शेतमजुरीचे जुने अभ्यासक आहेत, त्यांचा हिशोब होता की शेतमजुरांचा पगार 40 टक्क्यांनी वाढवला तरी एका कुटुंबाला भाजीफळांवर वर्षाला साधारण 25 डॉलर जास्त पडतील. वर्षाला! म्हणजे पगार वाढवता आला असता, कधीही, भाव फारसे न वाढवता. धाडींची गरज नव्हती त्यासाठी.

पण धाडींनी ते होत नाही हो. तोडणीच्या आठवड्यात माणूस आला नाही तर त्या आठवड्यात पगार दुप्पट करून नवीन माणूस कुठून आणायचा? शिकागोहून कोण येणारे इथे उन्हात? त्या वर्षीचा माल गेला की बागायतदार पुढच्या वर्षी कमी एकर लावतो. मग दुकानात तीच भाजी मेक्सिकोतून, ग्वाटेमालातून, पेरूतून येते. आत्ताच अमेरिकेत ताज्या फळांपैकी निम्म्याहून जास्त आणि भाज्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त माल बाहेरून येतो. म्हणून शेल्फ रिकामं दिसत नाही. ज्या माणसाला हद्दपार केलं त्यानेच तिकडे तोडलेली स्ट्रॉबेरी आपण खाऊ, एवढाच फरक.

बांधावरून:
नमस्कार मंडळी. मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार, अमेरिका बघितलेली नाही पण वाचताना सारखं आपलंच वाटत होतं. आमच्याकडे विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), खुडा या सगळ्याला पेठ सुरगाण्याकडच्या टोळ्या येतात. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, ठरावीक दिवसांत ठरावीक काम झालंच पाहिजे, घडाची विरळणी चार दिवस लांबली तर मणी फुगत नाही आणि एक्स्पोर्टचा माल लोकलला जातो. किलोमागे निम्मे पैसे पण येत नाहीत. 2020 ला मार्चच्या शेवटी लॉकडाऊन लागला तेव्हा माल वेलीवर, टोळ्या गावाला जायला निघालेल्या, कोणी थांबायला तयार नाही आणि त्यांचं चूक पण नव्हतं, घाबरलेला माणूस आधी घर गाठतो. आमच्या भागात लोकांनी मिळेल त्या भावाने बेदाण्याला माल दिला. आमच्याकडे रोगाची भीती होती तुमच्याकडे पोलिसाची आहे पण बागेला ते कळत नाही.

एक प्रश्न, तिकडे थॉमसन सीडलेस आहे ना अजून? आमच्याकडे ती तिकडूनच आली म्हणतात. तोडणी कशी करतात, मशीन का माणसं?

सेल्माची_सून:
बांधावरून भाऊ, हो, थॉमसन आहे आणि माझ्या सासरी तीच आहे! मी मूळची साताऱ्याची, नवरा पंजाबी, सासऱ्यांची फ्रेस्नोजवळ सेल्माकडे बेदाण्याची बाग आणि थोडे बदाम. इथे पंजाबी शेतकरी भरपूर आहेत, शंभर वर्षांपासून. तेव्हा 1913 च्या कायद्याने आशियाई माणसाला कॅलिफोर्नियात जमीन घेता येत नव्हती आणि बायकोलाही इकडे आणता येत नव्हतं, म्हणून कित्येकांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. त्यामुळे आमच्या गुरुद्वारात लंगरला बसलेल्या म्हाताऱ्यांना हा विषय परका वाटत नाही. त्यांच्या आजोबांनाही कागदच दिला नव्हता कुणी.

बेदाणा आपल्या तासगावसारखा शेडमधे नाही करत. ऑगस्टअखेर घड कापून दोन ओळींच्या मधे जमिनीवर कागदाच्या ट्रेवर पसरतात, उन्हातच सुकतो, मग उलटायचा, मग कागद गुंडाळायचा. सगळं वाकून. वर अडतीस चाळीस डिग्री. पाऊस यायच्या आत उरकायचं असतं म्हणून सगळ्यांना एकाच तीनचार आठवड्यांत माणसं लागतात, आणि ट्रेमागे पैसे. नवीन बागांमधे वेलीवरच सुकवून मशीनने झाडतात पण त्याला मांडव वेगळा लागतो, एकरी खर्च फार, जुन्या बागेला जमत नाही.

आता न्यूजर्सीवाला दादांनी कायद्याचं काढलं म्हणून मालकाच्या बाजूने सांगते. माणूस कामाला आला की आम्ही आय-नाईन हा कामाच्या परवानगीचा सरकारी फॉर्म भरून घेतो, तो जी कागदपत्रं दाखवेल ती वरवर खरी वाटली तर घ्यावीच लागतात. तुझं हे कार्ड खोटं वाटतं, दुसरं आण, असं चेहऱ्यावरून म्हटलं तर तोच भेदभाव होतो आणि आमच्यावर केस. बहुतेक वेळा तर लेबर काँट्रॅक्टर माणसं आणतो, आम्हाला नावंपण माहीत नसतात. या व्यवस्थेत सगळ्यांनी डोळे मिटलेले आहेत आणि झळ फक्त एकालाच लागते.

जुनीपाने:
सेल्माची_सून, फार चांगलं लिहिलंत. बांधावरून, तुमच्याकडचा मुकादम तोच साधारण इथला लेबर काँट्रॅक्टर समजा. तुमच्याकडच्या उचलीसारखा प्रकार मात्र इथे हंगामी शेतकामाच्या व्हिसावर येणाऱ्यांत जास्त दिसतो, गावाकडच्या दलालाला पैसे देऊन कर्ज काढून येतात.

आणि न्यूजर्सीवाला, 1964 जुनं वाटत असेल तर 2011 घ्या. जॉर्जियाने स्वतःचा कडक कायदा केला, एचबी 87. तो लागू व्हायच्या आधीच मजूर दुसऱ्या राज्यांत निघून गेले. विडेलिया कांदा, ब्लॅकबेरी, काकडी शेतात पडून राहिली. गव्हर्नर नेथन डील यांनी काय सुचवलं, तर प्रोबेशनवर असलेले बेकार लोक शेतावर पाठवा. पाठवले. बरेचसे दुपारपर्यंत निघून गेले. जॉर्जिया विद्यापीठाच्या अभ्यासात त्या हंगामात 14 कोटी डॉलरचं नुकसान निघालं. अलाबामाने त्याच वर्षी त्याहून कडक कायदा केला, तिथे टोमॅटोवाल्यांचं तेच झालं.

आणि 2025 मधे पुन्हा तेच सुचवलं गेलं, कृषिमंत्री ब्रुक रॉलिन्स जुलैमधे म्हणाल्या की मेडिकेडवर (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) 3 कोटी 40 लाख धडधाकट लोक आहेत, ते आहेत की. त्यातले बरेचसे आधीच कुठे ना कुठे काम करतात, पोरं सांभाळतात, आणि शेतापासून हजार मैलांवर राहतात.

रोबोवाला:
सॅन होजेजवळ शेतीच्या मशीनवर काम करतो म्हणून थोडं. ऑटोमेशन येईल येईल म्हणतात ते काही पिकांत आलेलं आहेच. बदाम, पिस्ता, अक्रोड झाड हलवून पाडतात. तण काढायला लेझरवालं मशीन आहे, कॅमेऱ्याने रोप आणि तण वेगळं ओळखून तण जाळतं, लेट्यूसच्या शेतात चालतं, महाग आहे पण चालतं. फवारणीत पण कॅमेरा आला.

तोडणी मात्र वेगळी आहे. स्ट्रॉबेरी पानाखाली लपलेली असते, लाल किती झाली ते बघायचं, देठ वळवून खुडायचं, डाग पडता कामा नये, आणि जिथे ग्राहक उघडून खातो त्याच डब्यात ती शेतातच भरली जाते, त्यानंतर तिला कोणी हात लावत नाही. कसलेली बाई हे एवढं सगळं सेकंदात करते, दोन्ही हातांनी. आमच्या लाईनमधले रोबो अजून त्या वेगाच्या जवळ नाहीत, आणि मी हे मशीन विकणारा माणूस म्हणून लिहितोय. दहा वर्षं द्या, मिळेल. पण धाड पुढच्या मंगळवारी पडते.

दुधावरची_साय:
मी मॅडिसनला, विस्कॉन्सिन. भाजीफळांवर सगळे बोलतायत म्हणून दुधाचं लिहिते कारण तिथे अजून वाईट आहे.

वर जुनीपाने यांनी व्हिसाचा उल्लेख केला, एच-टू-ए. त्याला संख्येची मर्यादा नाही, दरवर्षी वाढतोय, 2005 मधे पन्नासेक हजार जागा मंजूर व्हायच्या त्या आता पावणेचार लाखांवर गेल्यात. पण तो हंगामी कामासाठीच आहे. गाईला हंगाम नसतो. दिवसातून दोन-तीन वेळा धार काढायचीच, ख्रिसमसला पण. म्हणून डेअरीवाल्यांना तो व्हिसा मिळतच नाही. आणि गावात पोरं उरलेली नाहीत.

आमच्या विद्यापीठाच्या 2023 च्या अभ्यासात निघालं की विस्कॉन्सिनच्या डेअरी फार्मवरचं सुमारे 70 टक्के काम कागदपत्रं नसलेले लोक करतात. हे डेअरीचं राज्य म्हणवतं स्वतःला, गाडीच्या नंबर प्लेटवर तसं लिहिलंय. आणि याच राज्यात त्यांना ड्रायव्हिंग लायसन्स मिळत नाही. गोठा गावापासून लांब, बस नाही, मग रात्री तीनच्या पाळीला जाताना एक दिवा बंद असला तरी पोलिस थांबवणार आणि तिथून पुढे काहीही. डेअरी संघटनेने 2015 मधे टेक्सास ए अँड एम कडून अभ्यास करून घेतला होता, स्थलांतरित मजूर सगळे गेले तर दुकानातलं दूध 90 टक्क्यांनी महागेल असा अंदाज होता. धंद्याच्या संघटनेने करवून घेतलाय हे लक्षात ठेवून वाचा, पण दिशा तर कळते.

 आमच्या कुकिंग ग्रुपमधे पनीर-चीज कुठलं स्वस्त यावर शंभर मेसेज होतात, ते दूध काढतं कोण हे कुणी विचारत नाही.

लंडनलोकल:
यूकेमधून. आमच्याकडे धाडी न घालता हे झालं, ब्रेक्झिटने. रोमेनिया बल्गेरियाची माणसं यायची बंद झाली. 2021 ला कसाईखान्यात माणसं नाहीत म्हणून हजारो डुकरं फार्मवरच मारून टाकावी लागली, मांस वाया. 2022 च्या पहिल्या सहा महिन्यांत सुमारे 6 कोटी पाउंडांची भाजीफळं वाया गेल्याचा शेतकरी संघटनेचा अंदाज होता. शेवटी सरकारनेच सहा महिन्यांच्या व्हिसांची संख्या वाढवत नेली, मग नेपाळ, इंडोनेशिया, किर्गिझस्तानमधून माणसं आली. आली कर्ज काढून आणि काम कमी मिळालं तर कर्ज तसंच घेऊन परत. इमिग्रेशन कमी झालं नाही, फक्त लांबून येणारा आणि जास्त अडलेला माणूस आला.

जुनीपाने:
लंडनलोकल यांनी अगदी नेमकं बोट ठेवलंय. इथेही तेच होतंय. ज्यांची मुळं रुजली, जे पटलं नाही तर दुसऱ्या मालकाकडे जाऊ शकतात, ते जातायत आणि त्यांच्या जागी एच-टू-ए वाला येतोय, जो एकाच मालकाला बांधलेला. तक्रार केली तर व्हिसा गेला. सगळे मालक वाईट नाहीत, पण 2021 ची दक्षिण जॉर्जियातली केस आहे, ऑपरेशन ब्लूमिंग अनियन, 24 जणांवर आरोपपत्र. बंदुकीच्या धाकाने हाताने कांदे उकरायला लावले, बादलीमागे 20 सेंट. हे व्हिसावर, कागदोपत्री आलेले लोक होते.

आणि ऑक्टोबर 2025 मधे लेबर डिपार्टमेंटने या व्हिसावाल्यांच्या किमान पगाराचा नियम बदलला, पगाराच्या दोन पातळ्या केल्या आणि घर देण्याबद्दल पगारात कपात धरायची सोय केली. कारण काय दिलं, तर त्या नियमातच लिहिलंय की बेकायदा येणारे मजूर जवळपास थांबल्यामुळे आणि कायदेशीर मिळत नसल्यामुळे देशाच्या अन्नपुरवठ्याला आणि भावांना धोका आहे. सरकारच्याच एका खात्याने हे छापलंय! न्यूजर्सीवाला, तुम्ही म्हणालात हे लोक गेले की पगार वाढतील. गेले, आणि पगार कमी करायचा नियम आला.

न्यूजर्सीवाला:
तो ऑक्टोबरचा नियम मला माहीत नव्हता, वाचतो. एका मालकाला बांधलेला व्हिसा म्हणजे काय ते मला कोणी सांगायला नको. कागदाशिवाय राहणं बरोबर असं मी अजूनही म्हणणार नाही. पण रांगच नाही हे असेल तर आधी रांग करा, मग धाडी घाला, इथपर्यंत मी येतो.

साधीभाजी:
मी फक्त वाचत होते, एक प्रश्न. ट्रंप स्वतः मधे म्हणाले होते ना की शेतावर धाडी नाही घालणार? मग ते झालं का?

हिरवीमिरची:
साधीभाजी, 12 जून 2025 ला त्यांनी लिहिलं की शेतकरी आणि हॉटेलवाले सांगतायत की आमची जुनी चांगली माणसं जातायत, बदल करू. थोडे दिवस शेतांवर धाडी थांबवायला सांगितलं. आठवडा व्हायच्या आत ते फिरवलं. आणि 10 जुलैला ऑक्सनार्डजवळच्या कॅमरिलोला मोठी धाड, गांजाच्या ग्रीनहाऊसवर, तिथे शेजारच्या काचघरांत टोमॅटो काकडीवाले पण काम करतात. त्याच दिवशीची कार्पिंटेरियाची धाड धरून साडेतीनशेच्या वर लोक पकडले. एक कामगार ग्रीनहाऊसच्या छपरावर चढला आणि तिथून पडून दगावला. घरी पैसे पाठवणारा माणूस.

मजुराला दररोज सकाळी ठरवावं लागतं, आज जायचं का. बॉर्डर पॅट्रोल असो की देशाच्या आत धरपकड करणारं आइस खातं, मजुरांसाठी सगळी ला मिग्राच, म्हणजे इमिग्रेशनवाले. व्हॉट्सअॅपवर कुणीतरी पांढऱ्या गाडीचा फोटो टाकतं, खरा असो खोटा असो, त्या रस्त्यावरची सगळी शेतं रिकामी होतात. आमच्याकडे एक टोळीप्रमुख बाई आहे, मायोर्दोमा. ती आता पहाटे साडेचारला आधी स्वतः गाडी घेऊन रस्ता बघून येते आणि मग बाकीच्यांना निघा म्हणून मेसेज करते. तिला स्वतःला ग्रीन कार्ड आहे, 86 च्या कायद्यात वडिलांना मिळालं होतं. तिच्या टोळीतल्या बायकांनी पर्समधे एक लाल कार्ड ठेवलंय, त्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं की न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट असल्याशिवाय मी तुम्हाला घरात यायची परवानगी देत नाही. आणि बऱ्याच जणींनी शाळेत लिहून दिलंय की मी घ्यायला आले नाही तर मुलाला कुणाकडे द्यायचं.

शाळेचं तर आकड्यात आलंय. स्टॅनफर्डच्या थॉमस डी यांनी इथल्याच दक्षिण व्हॅलीतल्या पाच शाळा-जिल्ह्यांची हजेरी तपासली, जानेवारीतल्या धाडींनंतर गैरहजेरी 22 टक्क्यांनी वाढली होती, आणि सगळ्यात जास्त लहान मुलांची. पोरगं अमेरिकन नागरिक, पण त्याला शाळेत सोडायला आई बाहेर पडणार कशी. आणि हीच माणसं पगारातून सोशल सिक्युरिटी कापून देतात जी त्यांना कधी मिळणार नाही.

रोबोवाला:
युमाचं कुणी लिहिलं नाही. हिवाळ्यात नोव्हेंबर ते मार्च देशातलं बहुतेक लेट्यूस अॅरिझोनातल्या युमातून येतं. तिथे मशीनच्या चाचणीला जातो. तिथे हजारो मजूर मेक्सिकोतल्या सान लुइसला राहतात, रात्री दोनतीनला सीमेच्या रांगेत उभे राहतात, कार्ड दाखवून येतात, शेतावर काम करून संध्याकाळी घरी. कायदेशीर. तिथे शेतं रिकामी पडल्याचं मी तरी पाहिलं नाही. म्हणजे कागद दिला तर काम नीट चालतं हे त्याच देशात, त्याच पिकात दिसतंय.

बांधावरून:
खूप माहिती मिळाली, सगळ्यांचे आभार. सेल्मावाल्या ताई, या वर्षी तुमचा बेदाणा कसा निघाला? माणसं आली का?

सेल्माची_सून:
भाऊ, आली, पण कमी, आणि उशिरा. नेहमीच्या काँट्रॅक्टरने अर्धीच माणसं दिली, उरलेलं आम्ही घरचे, शेजारी आणि गुरुद्वारातली दोनचार पोरं मिळून ट्रे उलटले. पाऊस आला नाही म्हणून निभावलं.

सासऱ्यांनी आता ठरवलंय. 1970 च्या दशकात लावलेली पूर्वेकडची थॉमसन या हिवाळ्यात उपटायची. आजूबाजूला बऱ्याच जणांनी आधीच उपटलीय, बेदाण्याखालचं क्षेत्र इथे वर्षानुवर्षं कमीच होतंय, हे त्यातलं शेवटचं कारण झालं. त्या जागी पिस्ता. पिस्ता धरायला सहासात वर्षं लागतात, सासरे सत्तरीचे आहेत, पण पिस्ता मशीनने हलवून पाडता येतो, दोन माणसांत काम होतं. त्यांना मी विचारलं की पपाजी टेबल ग्रेप्स का नाही लावत, भाव चांगला आहे. म्हणाले, वो हाथ से तोड़ना पड़ता है.